तात्यांची दोन मिनिटं

बैठकीचं ते सॉफ्टवेअर आणायची हौस माझीच. दूध संकलनाच्या कामावर आम्ही सात जण, चार बारामतीचे, तीन इंदापूरचे, आणि दर सोमवारी मी ऑनलाइन बैठक घ्यायचे. नरसिंहपूरकडची फेरी बघणारे तात्या वयानं सगळ्यांत मोठे. एकदा सुरू झाले की म्हशीच्या तापापासून सुनेच्या बाळंतपणापर्यंत सगळं सांगायचे. माझं डोकं उठायचं.

सॉफ्टवेअर आल्यावर विषय आधी यादीत टाकायचा, प्रत्येक विषयाला दोन मिनिटं. वेळ संपली की आवाज बंद, राहिलेला विषय आपोआप पुढच्या सोमवारी. वर मी नियम केला, बैठकीबाहेर मला फोन करायचा नाही, काय असेल ते यादीत टाका.

"मिन्टं मोजून बोलायची सवय न्हाय ओ ताई," तात्या म्हणाले.

"लागेल," मी म्हणाले.

लागली की, सगळ्यांनाच लागली. बैठक अर्ध्या वेळात उरकायची, मी खूश. मग हळूहळू कुणी कुणाला टोकेनासं झालं, चिडवेनासं झालं. कुणाची आई दवाखान्यात आहे हे चार-चार आठवड्यांनी कळायला लागलं. आपलं वाचून दाखवायचं आणि माईक बंद करायचा.

यादीत तळाला तात्यांची एक ओळ असायची, 'माझ्या फेरीबद्दल थोडं बोलायचं हाय.' टँकर, फॅट, डेअरीच्या तक्रारी यांतच वेळ संपायचा, ती राहून जायची. असे सहा सोमवार गेले. तात्या, काय झालं, एवढं विचारायला मला एक फोन पुरला असता. मी केला नाही.

तात्या फेरीवर असतानाच वारले. मोटारसायकल कडेला लावून झाडाखाली बसले, ते उठलेच नाहीत.

तात्यांच्या घरी भेटायला गेले तेव्हा त्यांच्या पत्नी, काकू, म्हणाल्या, "डाक्टरनं गाडी चालवू नका म्हनलं हुतं. जवळची फेरी मागतो म्हनायचे. मी म्हनलं, ताईंना फोन लावा की. तर म्हनले, न्हाय, नियम हाय, बैठकीतच बोलायचं."

त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी चहा दिला.

पुढच्या सोमवारी कुणीच विषय टाकला नव्हता. यादीत तात्यांची ओळ तेवढी होती. मी 'सुरू' दाबलं. पडद्यावर दोन मिनिटं उलटी मोजली गेली, आम्ही सहा जण बघत राहिलो. वेळ संपली आणि विषय आपोआप पुढच्या सोमवारी गेला.