पडजिभेचा क

"आ करा बघू, मास्तर."

लिंबागणेशात आमच्या शेजारी राहणारे धनगरमामा भेटले की बोलण्याची सुरुवात अशी व्हायची. मेंढरांचं वय दातांवरून ओळखण्यात त्यांचा जन्म गेलेला. कुणाचंही तोंड दिसलं की ते उघडून पाहावं, अशी त्यांना खोडच लागली होती.

मी तिथल्या सरकारी शाळेत मास्तर. निजामाचं राज्य. एक दिवस हुकूम आला, की मास्तरांनी बीडला जाऊन उर्दूची तोंडी परीक्षा द्यावी; जो नापास होईल त्याने घरी बसावं. वाचन मी कसंही रेटलं असतं. घोडं अडलं ते एका अक्षरावर. 'कलम'मधला तो खोल क काही केल्या येईना. गावातले मौलवी सांगून सांगून थकले, "हलक से निकालो, मास्टरसाब!" म्हणजे घशातून काढा. पण माझी जीभ टाळूलाच लागायची आणि आपला साधा मराठी क बाहेर पडायचा. जोर केला की ठसका. घरी म्हातारी आई, बायको, दोन लेकरं, आणि मी अंगणात खाकरतोय!

ते खाकरणं ऐकूनच मामा आले. मी रडगाणं गायलो. त्यांनी घोंगडी खाली टाकली आणि आधी माझं तोंड तपासलं.

मग गडी इरेलाच पेटला. मौलवींना 'कलम' म्हणायला लावून त्यांच्या घशात डोकावला. हैदराबादेकडचा एक कारकून आला होता, त्याला धरलं. तो 'खलम' म्हणाला. गढीवर पहाऱ्याला असलेला अरब चाऊशही सुटला नाही. त्याच्या कमरेला जंबिया, तो वाकडा सुरा आहे, अशी मी आठवण करून दिली, तर म्हणतात कसे, "जंबिया कमरंला हाय. मला घसा बघायचाय." चाऊशाने हसत हसत जबडा उघडला.

चौथ्या दिवशी मामांनी निकाल दिला. "हैद्राबादवाला हवा घासून सोडतो. तुमी टाळूलाच अडवता. मौलवी अन् चाऊश पार मागं, पडजिभंपाशी अडवतेत. मेंढरं थांबवाया आमी बी तितंच अडवतो की!" आणि त्यांनी हाक दिली. अख्खा कळप जागच्या जागी थांबला.

मग आठ दिवस शाळा सुटली की मी मेंढरांमागे. पहिले काही दिवस माझ्या हाकेला मेंढरांनी मान वर करून पाहिलंही नाही. मामा म्हणायचे, "मेंढरू लई खरं. त्याला भीडभाड न्हाई." आठव्या दिवशी माझ्या हाकेने कळप थांबला, तेव्हा मला नाचावंसं वाटलं.

बीडला परीक्षा घेणारे साहेब उत्तरेकडचे, भलतेच कडक. त्यांनी मला तेच अक्षर तीनदा म्हणायला लावलं आणि कागदावर सही केली. मी पास होऊन बाहेर येतो तो समोर कडुनिंबाखाली मामा! मला न सांगता एवढी वाट तुडवत आले होते.

"काय झालं?"

"पास झालो, मामा!"

ते मटकन खालीच बसले. ओठ सुकलेले. घरून निघाल्यापासून पाण्याचा थेंबही घेतला नव्हता म्हणे.

"अहो, पण का?"

"माजं शिकवणं चुकलं आसतं, तर तुमच्या लेकरांची भाकर गेली आसती. पानी उतरंना बगा."

इतके दिवस मी माझ्याच काळजीत बुडालेलो. या माणसाने ती आपल्या अंगावर घेतली आहे, हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.

पुढच्याच वर्षी मामा कळप घेऊन गोदाकाठाला गेले आणि तिकडेच तापाने वारले. मला मात्र ते त्या कडुनिंबाखालीच दिसतात. मी धावत जाऊन तांब्या भरून आणलाय, ते डोळे मिटून घटाघट पाणी पितायत, आणि एकेक घोट खाली उतरताना मी शेजारी बसून बघतोय.