अर्जातली इंग्रजी

भिलाईतल्या रिसालीच्या रुक्माबाईंना पंचेचाळिसाव्या वर्षी नोकरी करायची होती. वैशाली नगरातल्या दातांच्या दवाखान्यात येणाऱ्यांची नावं लिहायची, त्यांना बसवायचं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, एक दिवस काम पाहू, मग ठरवू. भिलाईत साऱ्या देशाची माणसं, म्हणून इंग्रजी हवी होती. रुक्माबाईंनी महिनाभर पुस्तकातली वाक्यं घोकली. लेक प्रेरणा हसायची, "आई, तू बोलून नाई राहिली, अर्ज लिहून राहिली!"

ठरलेल्या दिवशी बुद्धवंदना करूनच त्या निघाल्या. अकराच्या सुमारास केरळातून मुलाकडे आलेली एक म्हातारी दवाखान्यात आली. तिला हिंदी येत नव्हती, इंग्रजी जेमतेम. मुलगा बाहेर गाडी लावत होता. रुक्माबाई ताठ उभ्या राहिल्या. "काइंडली बी सीटेड, मॅडम. डॉक्टर विल अटेंड यू शॉर्टली."

तेवढ्यात आतून मशीनचा आवाज आला. म्हातारी गाल धरून दाराकडे वळली. डॉक्टरीणबाई आतून पाहत होत्या, आणि रुक्माबाईंना पुस्तकातलं पुढचं वाक्य काही आठवेना. त्यांनी शेजारणीचा धरावा तसा तिचा हात धरला.

"अम्मा, सिट ना! व्हाय फिअर? आय अ‍ॅम हिअर ओन्ली."

म्हातारी बसली. हात मात्र तिने सोडला नाही.

"उद्यापासून रोज नऊला या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

रुक्माबाईंनी दुसऱ्या हाताने फोन लावला. "प्रेरणा, अर्ज नाई चालला, पन नोकरी लागली व!"