कागदावांगडा आलेल्या नलूताई

गोळ्यांची पट्टी हातात आली की नलूताई ती दारातल्या उजेडाकडे धरून मोठ्याने वाचायच्या. नाव, ताकद, मुदत. मग गिऱ्हाइकाला विचारायच्या, "जेवच्या आधी की जेवल्यावर? सांग मगे." बरोबर सांगेपर्यंत पट्टी सोडत नसत. मागे खोळंबलेली माणसं मला ऐकवायची, "रे प्रकाश, हय औषध गावता की परीक्षा घेतत?"

मालवणजवळच्या कट्टा गावच्या बाजारातलं हे मेडिकल माझ्या थोरल्या भावाचं. फार्मासिस्ट तो. मी बी.कॉम., तेही दुसऱ्या खेपेला. तो अचानक गेला आणि कळलं, दुकान आपलं, फ्रीज आपला, पण फार्मासिस्टाशिवाय शटर उघडता येत नाही. वहिनी आणि दोन पुतण्या त्या दुकानावरच अवलंबून. मी कणकवली पालथी घातली, देवगडला जाऊन आलो. शिकलेली पोरं गोव्याच्या कारखान्यांत गेलेली. लग्नाला मुलगी शोधणं सोपं, असं मी घरी बोलून गेलो. बायको म्हणाली, "तुमी किती सोधलात ता माका ठाऊक आसा."

शेवटी सरकारी दवाखान्यातून फार्मासिस्ट म्हणून निवृत्त झालेल्या नलूताईंकडे गेलो. म्हटलं, सर्टिफिकेट तेवढं भिंतीला लावायला द्या, तुम्ही घरी आराम करा.

"कागद देतंय," त्या म्हणाल्या, "पण कागदावांगडा मी पण येतलंय."

कागदासोबत बाई मी मागितलीच नव्हती. पण चार वर्षं त्या रोज सकाळच्या एसटीने आल्या.

एका दुपारी उरलेला माल तपासताना त्या थांबल्या. सकाळी एका म्हाताऱ्याला बीपीची पाचऐवजी दहाची गोळी गेली होती. नेहमीसारखी उजेडाला धरून, मोठ्याने वाचून दिलेली. माझ्या स्कूटरवर मागे बसून त्या त्याच्या घरी गेल्या. त्याने गोळी अजून घेतली नव्हती. पट्टी बदलली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सर्टिफिकेटची फ्रेम उतरवली.

"ताई, ती नुसती राहूदे भिंतीवर. वाचायचं मी बघतो. सगळीकडे असंच चालतं." मी गयावया करत होतो. वहिनी बाजूला उभी होती.

त्यांनी दोन पट्ट्या काउंटरवर ठेवल्या. "वाच."

मी घडाघडा वाचल्या.

"आता सांग, ही दोनव एकदम दिली तर चलात?"

"ठाऊक नाही."

"तुझे डोळे बरे आसत, पण तुका ठाऊक नाय. माका ठाऊक आसा, पण डोळे नाय. दोघांचो मिळान एक फार्मासिस्ट होणा नाय, रे."

मग वहिनीकडे वळल्या. "माका शिव्या घाल गो. पण ह्या माझ्यान होवचा नाय."

वहिनीने शिव्या घातल्या नाहीत. त्यांची पिशवी उचलली आणि त्यांना एसटीवर सोडायला गेली. मी शटर ओढलं. कुलूप लावतो तोच शेजारच्या वाडीतले काका शुगरच्या गोळ्या मागत आले.

"मालवणाक जावा," मी म्हटलं.

"हय संपल्यो काय?"

"गोळये आसत, काका," मी म्हटलं. "देणारा माणूस नाय."