डावीकडे सरकलेली रूपाली

आमच्या मारुंजीच्या ऑफिसात चहाचे कप आणि किस्से सारखेच साचतात. कप निदान कोणीतरी विसळतं. किस्से तसेच पडून राहतात.

ऑफिस म्हणजे घरमालक तात्यांच्या बंगल्याचा वरचा मजला. माणसं चार: सर, अकोल्याचा वैभव, प्राजक्ता आणि प्रोबेशनवरची मी. आम्ही कॉम्प्युटरच्या डेस्कटॉपचं सॉफ्टवेअर बनवतो. एका वर्कस्पेसमध्ये काम, दुसऱ्यात मेल, बटण दाबलं की अदलाबदल. पूर्वी ती झटक्यात व्हायची. आधीची स्क्रीन अलगद सरकत जावी आणि नवी यावी, हे ट्रान्झिशन माझ्याकडे आलं. नोकरीतलं माझं पहिलं काम!

मी इतकी प्रेमात पडले की वेग फारच कमी ठेवला. वैभव एका वर्कस्पेसमध्ये मॅच बघत होता, तेवढ्यात सर आले. त्यानं घाईनं बटण दाबलं. मॅच सावकाश, लग्नातल्या पाहुण्यासारखी निरोप घेत निघाली. सरांनी ती पूर्ण जाईपर्यंत पाहिली आणि विचारलं, "आउट होता का रे?"

वेग त्याच दिवशी वाढला.

प्राजक्ताचं वेगळंच. स्क्रीन बदलताना ती दर वेळी डोळे मिटायची. आम्हाला वाटलं, देवाचं नाव घेते. वैभव तर आपल्या कामासाठीही दोन शब्द टाकायला सांगायचा. शेवटी मीच विचारलं.

"अगं, तुझं ते सरकायला लागलं की मला गरगरतं," ती म्हणाली. "पण तू इतकी खुशीत होतीस, कसं सांगू?"

मी त्याच दुपारी ट्रान्झिशन बंद करायची सोय दिली. इतके दिवस माझ्या आनंदासाठी तिनं गरगरणं सोसलं, हे मी विसरणार नाही.

पण सरांना आयतं कारण मिळालं. "कोणाला गरगरतं, कोणाची मॅच दिसते. याचा उपयोग काय? सोमवारच्या डेमोआधी दाखव, नाहीतर काढून टाक." माझं प्रोबेशन त्याच आठवड्यात संपत होतं. दाखवण्यासारखं दुसरं काहीच माझ्याकडे नव्हतं.

शनिवारी तात्यांच्या पत्नी, आमच्या काकी, वर आल्या. त्यांची लेक रूपाली परदेशात नर्स आहे. मोबाइलवर काकींना नीट दिसत नाही, म्हणून शनिवारचा व्हिडिओ कॉल आमच्या मोठ्या स्क्रीनवर असतो. पूर्वी कॉल चालू असताना कोणी वर्कस्पेस बदलली की रूपाली एकदम गायब व्हायची आणि काकी घाबऱ्याघुबऱ्या व्हायच्या. "पोरगी कुटं गेली?" आवाज येत असला तरी त्यांना पटायचं नाही.

त्या दिवशी काकींनी सगळ्यांसाठी घावनं आणली होती, नव्या तांदळाची, त्यांच्या रिहे गावच्या शेतातली. कॉल रंगात आला आणि सरांना त्याच कॉम्प्युटरवरचा एक मेल तातडीनं बघायचा होता. मी नाइलाजानं बटण दाबलं. बोलता बोलता रूपाली डावीकडे सरकत गेली आणि मेल समोर आला.

काकी घाबरल्या नाहीत. ताटली घेऊन उठल्या, खुर्ची ओढत टेबलाच्या डाव्या कडेला नेली. तिथं सरांची बॅग होती. सरांनी मुकाट्यानं ती उचलून खाली ठेवली.

काकी नीट टेकल्या आणि कोऱ्या भिंतीकडे बघत म्हणाल्या, "हां, बोल आता. जेवलीस न्हवं?"