औसा रोडवरचं होर्डिंग

दस्तगीरभाईंनी पेढ्यांचा अर्धा रिकामा बॉक्स माझ्या टेबलावर ठेवला आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "सर, हे उरलेलं हाय. बाकीचं गल्लीनं खाल्लं."

मी एक पेढा उचलून तोंडात टाकला. मग लक्षात आलं की माणूस आनंदात नाही.

झालं असं होतं. दस्तगीरभाई औशाचे गवंडी. त्यांचा मुलगा इरफान लातूरला खोली करून मेडिकलच्या प्रवेश परीक्षेची तयारी करतोय, असं ते आणि त्यांची गल्ली धरून चालले होते. त्या सकाळी लातूरहून आलेल्या कुणीतरी सांगितलं की इरफानचा फोटो औसा रोडच्या होर्डिंगवर झळकलाय. आमच्या भागात पोराचा फोटो होर्डिंगवर आला म्हणजे त्याचा मेडिकलला नंबर लागला. खाली काय लिहिलंय ते वाचायच्या भानगडीत कुणी पडत नाही. दस्तगीरभाईंनी आधी पेढे वाटले आणि मग बस पकडली. होर्डिंग त्यांनी बसच्या खिडकीतून वाचलं. 'फ्रिज-एसी दुरुस्ती सर्टिफिकेट कोर्स, पहिला टप्पा, प्रथम क्रमांक.' खाली आमच्या कम्युनिटी कॉलेजचं नाव.

ते होर्डिंग मी लावलं होतं.

कम्युनिटी कॉलेज म्हणजे काय, हे लातुरात फार कुणाला माहीत नव्हतं. त्यामुळे मला नोकरीभर ते समजावून सांगावं लागलं. सहा महिन्यांत, वर्षात हाताला काम देणारे छोटे कोर्स: वायरमन, प्लंबिंग, रुग्ण सहायक, फ्रिज-एसी. मी तिथला कोऑर्डिनेटर. चारी बाजूंनी कोचिंग क्लासेस, त्यांच्या मेस, त्यांची हॉस्टेलं. त्या प्रत्येक हॉस्टेलात नळ गळायचा आणि कूलर बंद पडायचा. दुरुस्त करायला माणूस मिळत नव्हता आणि आमच्या सीट रिकाम्या राहत होत्या.

प्राचार्या मॅडमनी मला बोलावून विचारलं, "सर, शेजारच्या क्लासला पोरं दारात उभी राहतात. आपल्याकडं काय कमी आहे?"

"होर्डिंग," मी म्हणालो.

"मग लावा की."

मी लावलं. काम दिलं ते कोचिंगची होर्डिंगं करणाऱ्यालाच. त्याच्याकडे साचा तयार होता. मागे निळं आकाश, मध्ये पांढरा कोट, वर फक्त चेहरा बदलायचा. त्यानं फोन करून विचारलं, "कोट काढू का सर? तसा दिसायला छान दिसतोय." मी म्हणालो, राहू दे. इरफानला विचारावं असं माझ्या मनातही आलं नाही. पहिला आलेल्या पोराला फोटो नको असेल, असं लातुरात कुणाला वाटेल?

इरफान खरंच चांगला होता. एसीमध्ये तांब्याच्या बारीक नळ्या असतात. त्या गॅसच्या ज्योतीवर तापवून, सांध्यात धातू वितळवून जोडायच्या असतात. याला ब्रेझिंग म्हणतात. ज्योत जास्त झाली तर नळी जाते, कमी झाली तर सांधा गळतो. बाकीची पोरं आठवडाभर नळ्या जाळत होती, हा दुसऱ्या दिवशीच सफाईनं जोडून मोकळा. प्रवेश घेताना तो मला म्हणाला होता, "सर, तुमचा निरंजन अन् मी क्लासला एकाच बाकावर बसायचो." निरंजन माझा मुलगा. दोघंही रिपीटर बॅचचे, म्हणजे पहिल्या वर्षी नंबर न लागल्यामुळे पुन्हा परीक्षा देणाऱ्यांच्या बॅचचे. इरफान दोन महिन्यांत तिथून उठून आमच्याकडे आला. घरी सांगितलंस का, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर एक सीट गेली असती.

तर आता दस्तगीरभाई माझ्यासमोर उभे होते. मी शिपायाला पाठवून इरफानला वर्कशॉपमधून बोलावलं. तो दाराशीच थबकला. बापानं त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"वळखलं का मला?" दस्तगीरभाईंनी मला विचारलं.

ओळखलं नव्हतं. त्यांनीच सांगितलं. भूकंपानंतर किल्लारीकडच्या गावांत आम्ही गवंड्यांना महिनाभराचं ट्रेनिंग द्यायचो. दारं-खिडक्यांच्या वर घरभर फिरणारा काँक्रीटचा पट्टा घालायचा, म्हणजे हादरा बसला तरी भिंती एकमेकींना धरून राहतात, हे शिकवायचो. शेवटी सर्टिफिकेट. ते देताना मी प्रत्येक बॅचला सांगायचो की हा कागद दाखवा, कुठंही मानानं काम मिळेल.

"मी दाखवला की," दस्तगीरभाई म्हणाले. "गावं बांधून झाली अन् मग कुणी इचारलं न्हाई. ठेकेदार म्हनला, कागद ठेव अन् घमेलं उचल. म्हनून पोराला क्लासला घातलं. त्येला बी तुमीच गाठलं व्हय?"

ते पोराला घेऊन जायला आले होते. त्याच दिवशी, त्याच बसनं, परत क्लासला बसवायला. मी जे काही बोलायचं ते बोललो. दुसरा टप्पा सहा महिन्यांचा, त्यात नांदेडच्या एका मोठ्या हॉस्पिटलात एसी प्लांटवर काम शिकायला मिळेल, पुढे नोकरीची शक्यता. ते ऐकत होते आणि मान हलवत नव्हते. इरफान एवढंच म्हणाला, "अब्बा, मला तिथं काहीच कळत नव्हतं. इथं कळतंय."

दस्तगीरभाईंनी मला सरळ विचारलं, "सर, तुमाला पोरगं हाय का?"

"आहे."

"काय करतंय?"

निरंजन त्या वेळी क्लासच्या अभ्यासिकेत बसून टेस्ट पेपर सोडवत होता. मी म्हणालो, "तोही असाच कोर्स करतोय. टेक्निकल. पुण्याला."

इरफाननं माझ्याकडे पाहिलं. मग खाली बघत तळहाताला लागलेली काजळी पुसत राहिला.

दस्तगीरभाई पहिल्यांदा खुर्चीत बसले. "सराचं पोरगं बी तेच करतंय म्हनल्यावर..." एवढंच म्हणाले आणि उठले. जाताना पोराच्या खांद्यावर हात ठेवला. इरफान त्यांना बस स्टँडपर्यंत सोडायला गेला. मी दुपारी होर्डिंग उतरवून घेतलं.

मॅडमना मी सांगितलं की पालकाचं समुपदेशन केलं. मॅडमनी ते मीटिंगमध्ये सांगितलं. पुढची काही वर्षं मला ठिकठिकाणी 'पालकांचे मन कसे वळवावे' या विषयावर बोलायला बोलावत होते. मी जात होतो. दस्तगीरभाईंची गोष्ट सांगायचो आणि एक वाक्य गाळायचो.

इरफान नांदेडला काम शिकला, तिथंच लागला. आता औशात आणि आसपास कोल्ड स्टोरेजची कामं घेतो. निरंजनचा दोनदा आणखी प्रयत्न करूनही नंबर लागला नाही. तो बँकेत आहे आणि मजेत आहे.

माझ्या निवृत्तीच्या कार्यक्रमाला इरफाननं वडिलांना आणलं. त्यांनी माइक मागून घेतला आणि म्हणाले, "सरांनी सोताचं पोरगं या कोर्सला घातलं, म्हनून म्या माजं घातलं." टाळ्या झाल्या. पहिल्या रांगेत माझी बायको आणि निरंजन बसले होते. निरंजननं आईकडे पाहिलं, आईनं माझ्याकडे. मी शाल सारखी करत बसलो.

हे लिहायला घेतलं तेव्हा ठरवलं की आधी दस्तगीरभाईंना खरं सांगायचं, मग लोकांना. औशाला गेलो. दस्तगीरभाई एका बांधकामावर खुर्ची टाकून बसले होते, हाताखालच्या गवंड्यांवर लक्ष ठेवत. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं.

"ठाव हाय की," ते म्हणाले. "इरफाननं त्याच दिशी सांगितलं. बस स्टँडवर."

मग पोराला परत का नाही नेलं, मी विचारलं.

"तुमच्या तोंडाकडं बघून ठेवलं न्हाई, सर. त्यानं मला सांगितलं, अन् वर म्हनला, अब्बा, सरांना काही बोलू नका, त्यांची अडचण झाली. मला वाटलं, एवढं कळतंय पोराला, तर त्याला काय शिकायचं ते बी कळत असंल."

"आणि कार्यक्रमात माइकवर ते का बोललात?"

दस्तगीरभाईंनी भिंतीवरच्या गवंड्याला ओळंबा नीट धरायला सांगितलं. मग माझ्याकडे वळले.

"तुमी उठून बोलताव का, ते बघत व्हतो."

या धंद्यात इतकी वर्षं काढून मी दोन गोष्टी शिकलो. विद्यार्थ्याचा फोटो लावण्याआधी त्याला विचारावं. आणि पालकाला पटवताना आपल्या घरातलं उदाहरण द्यायचं असेल, तर आधी ते घरात असावं.