कोचबाई बसल्या की बंद

गाडी अगदी पेंटरच्या मनासारखी पळायची. फक्त त्याची बायको आत बसली की मरायची.

हे वाक्य घरात मोठ्याने उच्चारायची कुणाची छाती नव्हती. बायको पोहण्याच्या तलावावर कोच. खोल पाण्यातली पोरं तिने शिट्टी वाजवायच्या आधीच काठाला यायची, असा दरारा. खांदे असे की ती आत येताना दारानेच जरा सरकून घ्यावं. अख्खी वस्ती तिला कोचबाई म्हणायची आणि तिच्या नवऱ्याला पेंटर, कारण तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा. पाट्या पोटासाठी, बाकी सगळं हौसेसाठी. उघडं लोखंड त्याला बघवतच नसे. बिजागऱ्या, बादलीची कडी, जिन्याखालचा नळ, सगळ्यांना त्याने रंग दिला होता. एकदा कोचबाईंच्या शिट्टीलाही दिला, आणि त्या दिवशी तलावावर त्या ओठ निळे करून उभ्या होत्या.

गाडी खोक्यांतून आली होती. सुटे भाग एका दिवसात घरी पोचतात आणि ते जोडण्यात उरलेलं आयुष्य जातं, त्या जातीची ही स्पोर्ट्स कार. खाली लोखंडी नळ्यांचा सांगाडा, वर फायबरचं अंग, बसायला दोन जागा, आणि त्याही इतक्या खाली की बसणारा माणूस खड्ड्यात पडल्यासारखा दिसायचा. घरामागच्या शेडमध्ये पेंटरने ती कित्येक वर्षं जोडली. स्वतः मिसळलेला लाल रंग तिला दिला. तो लाल पाहून शेजारचे लोक चष्मे पुसायचे.

आणि आता ही खोड. चालता चालता इंजिन, दिवे, काटे, सगळं एका क्षणात मेलेलं. थोड्या वेळाने पुन्हा जिवंत, जणू काही झालंच नव्हतं. पेंटर एकटा असला की कधीच नाही. बायको बसली की दर दोन-तीन फेऱ्यांना एकदा.

नदीवरच्या अरुंद पुलावर ती मेली तेव्हा मात्र हसण्यावारी नेण्यासारखं काही उरलं नाही. समोरून ट्रक येत होता. ट्रकवाल्याने ब्रेक लावला म्हणून तो गाडीच्या दिव्याच्या काचेपासून वीतभर अंतरावर थांबला. कोचबाई खाली उतरल्या, ट्रकवाल्याचे आभार मानले आणि पायी घरी आल्या. त्या बोलल्या असत्या तर पेंटरला बरं वाटलं असतं. त्या दोन दिवस बोलल्याच नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी बोलल्या त्या निकालच द्यायला. येत्या रविवारी त्या एकदाच, शेवटच्या, गाडीत बसणार. त्या बसलेल्या असताना गाडी बंद पडली, तर गाडी पलीकडच्या गल्लीतल्या दातांच्या डॉक्टरांना द्यायची.

डॉक्टर केव्हापासून टपून होते. त्यांनी आपल्या घराखाली गाडीपुरती जागाही मोजून ठेवली होती, आणि पेंटर भेटला की त्याच्या दाढांऐवजी गाडीच्या तब्येतीची चौकशी करायचे. पण पेंटरची अडचण नुसती गाडी जाणार एवढीच नव्हती. दोष सापडल्याशिवाय ती दुसऱ्याच्या हातात द्यायची कशी? उद्या डॉक्टरांसमोरचा ट्रक वेळेवर थांबला नाही तर? गाडी ठेवता येत नव्हती, देता येत नव्हती, आणि रविवार काही थांबणार नव्हता.

मेहुणा, म्हणजे कोचबाईंचा धाकटा भाऊ, इलेक्ट्रिशियन. अंगाने काडी, तोंडाने तोफ. तो रोज कामावरून सुटला की शेडमध्ये यायचा. पहिल्याच दिवशी त्याने विचारलं होतं, "दाजी, अर्थिंगच्या जोडांवरून हात फिरवला होता ना?"

"दोनदा फिरवला," पेंटर म्हणाला होता.

"मग ते सोडा."

म्हणून त्यांनी ते सोडलं. चावीचा स्विच बदलला. फ्यूज बदलले. वायरींचे जुडगे उलगडून एकेक वायर ओढून पाहिली, हलवून पाहिली, शेवटी शिव्या देऊनही पाहिली. मेहुणा शेजारी बसून गावभर फिरला, गाडी घड्याळासारखी चालली. मग, कोचबाई तलावावर गेलेल्या पाहून, दोघांनी त्यांच्या जागी वाळूची पोती ठेवली. किती ठेवायची यावर कुजबुजत वाद झाला. मेहुण्याच्या मते आणखी एक हवं होतं, पण ते तो ताईसमोर सांगणार नव्हता. पोती घेऊन पेंटर त्याच पुलावरून गेला आणि आला. गाडीने हूं की चूं केलं नाही.

"गाडीला ताईचंच वावडं आहे," मेहुणा म्हणाला. "मला लहानपणापासून आहे, मी समजू शकतो."

रविवार उजाडला तेव्हा करण्यासारखं काही उरलेलं नव्हतं. तरी मेहुण्याने एक छोटा बल्ब घेतला, त्याला दोन लांब वायरी जोडल्या. एक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी सांगाड्याच्या लोखंडाला. सगळं तपासून झालंय तर हेही होऊन जाऊ दे, एवढाच त्यामागचा विचार. जोड नीट असेल तर हा दिवा कधीच लागणार नाही, त्याने ताईला समजावलं. लागला तर अर्थिंग तुटतंय. कोचबाईंनी बल्ब मुठीत धरला आणि गाडीत उतरल्या. गाडी जरा खाली बसली. मेहुण्याने आकाशाकडे पाहिलं.

बाजार पार झाला. शाळेपुढचं वळण झालं. पेंटर दर खड्ड्याला वेग कमी करत होता. पूल दिसला तसा कोचबाईंनी एकदाच श्वास घेतला, पाण्यात सूर मारायच्या आधी घेतात तसा.

पुलाच्या मध्यावर समोरून सायकलवाला आडवा आला, आणि गाडी मेली.

काटे पडले. इंजिनाचा आवाज गेला आणि त्या जागी मागच्या टँकरचा हॉर्न आला. पेंटरने चावी फिरवली. काहीच नाही. पुन्हा फिरवली. टँकर आरशात भरत चालला होता. थांबला तो आरशात फक्त त्याची जाळी दिसेल इतका जवळ येऊन, आणि त्याच्यामागे हॉर्नची रांग लागली. पेंटरला एकच सुचत होतं, बायकोला उतरवून कठड्याला उभं करावं. "तू उतर, पटकन उतर," तो म्हणाला.

कोचबाई मुठीकडे पाहत होत्या. मूठ आतून उजळली होती.

"थांबा," त्या म्हणाल्या.

त्यांनी खाली पाहिलं. त्यांचा उजवा पाय गाडीच्या तळाच्या फळीवर रोवलेला होता, गुडघा ताठ, घोटा कडक. शेजारच्या जागेवर बसून त्या इतक्या दिवसांत मनातल्या मनात लावत आलेला ब्रेक. त्यांनी पाय उचलला. दिवा विझला. पाय दाबला. दिवा लागला. त्यांनी हे पुन्हा एकदा, अजिबात घाई न करता केलं. मागच्या टँकरवाल्याने आता खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून पेंटरच्या खानदानाचा उल्लेख सुरू केला होता.

"मी पाय वर घेते. आता मारा स्टार्टर."

त्यांनी दोन्ही पाय उचलून सीटवर मांडी घातली. त्या बेताच्या जागेत त्यांनी ते कसं जमवलं हे पेंटरला पुढेही कधी कळलं नाही. त्याने चावी फिरवली. गाडी एका दमात सुरू झाली. घरापर्यंत कोचबाई मांडी घालून, दिवा हातात धरून, पंगतीला बसल्यासारख्या आल्या. रस्त्यावरच्या लोकांनी वाट दिली.

पोती घाबरत नाहीत, हे त्या शहाण्या जोडगोळीच्या लक्षात आलं नव्हतं. मेहुणा तर दाजींच्या शेजारी बसून पेंगायचाच.

शेडमध्ये मेहुणा गाडीखाली शिरला. बॅटरीपासून सांगाड्याला जाणारी अर्थिंगची जाड केबल शेजारच्या माणसाच्या पायांखालूनच जात होती, आणि फळी दबली की तिला झटका बसत होता. केबलच्या टोकाचा जोड त्याने उघडला. मग खालून आवाज आला तो फार हळू.

"दाजी, या जोडाला रंग आहे."

"आहे ना."

"जोडाच्या आत. जिथं लोखंडाला लोखंड टेकायला पाहिजे तिथं."

"तूच विचारलं होतंस, हात फिरवला का. जोडतानाच फिरवला होता, आतूनसुद्धा. एक हात प्रायमरचा, त्यावर एक लालचा."

मेहुणा बाहेर आला. त्याच्या नाकावर ग्रीस होतं. हात फिरवणं म्हणजे प्रत्येक जोड चाचपून, आवळून बघणं, असं तो आयुष्यभर समजत आला होता. रंगाऱ्याचा हात वेगळा, हे त्याच्या डोक्यात आलंच नव्हतं. रंगातून वीज जात नाही, त्यामुळे इतके दिवस ती सगळी बोल्टच्या एका आट्यावरून कशीबशी जात होती. तो ताईकडे वळला, पण तिचा चेहरा पाहून त्याने तोंडातला विनोद गिळला.

पेंटरने पत्र्याचा तुकडा घेतला आणि रंग खरवडायला बसला. चकचकीत उघडं लोखंड वर आलं. त्याने तोंड फिरवलं. जोड आवळून झाल्यावर वरून पातळसा एक थर दिला तर चालेल का, असं त्याने विचारलं. बहीण-भाऊ दोघांनी एकदमच नाही म्हटलं.

एवढ्यात डॉक्टर आले. हातात नवी कीचेन होती. ते शेडच्या दारात उभे राहिले, गाडीकडे पाहून हसले, आणि कोचबाईंना विचारलं, "काय मग? बसलात की नाही? बंद पडली ना?"

पेंटर खरवडायचा थांबला. निकाल तिचाच होता. गाडी बंद पडली होती. ती बसलेली असताना, भर पुलावर. खोटं बोलणाऱ्यातली ती नव्हती, हे तो लग्नापासून अनुभवत आला होता.

कोचबाईंनी हातातला बल्ब खिशात टाकला.

"पडली नाही, डॉक्टर," त्या म्हणाल्या. "मी पाडली. मग मीच चालू केली."