गोदूबाईच्या चिंध्या

वनस्पतिशास्त्रात बी.एस्सी. झालेल्या माणसाला खाजकुइली ओळखता येत नाही, यावर कुणाचा विश्वास बसत नसेल तर त्यानं मला येऊन भेटावं. २०११ च्या डिसेंबरात मी कामोठ्याहून रोज मोटरसायकलनं आपट्याला जात होतो. नदीकाठी एका शेटच्या फार्महाउसची जागा साफ करायची होती आणि मी सुपरवायझर होतो. गळ्यात शिट्टी, खिशात त्रासदायक झाडांचा लॅमिनेट केलेला रंगीत तक्ता. तक्ता मीच बनवला होता, त्यामुळे त्याचं कौतुकही मलाच होतं.

कामावरच्या सहा बायकांची म्होरकी गोदूबाई. साठीची, उजव्या डोळ्यानं आंधळी, पण घरात कमावणारी ती एकटीच. नवरा बळीराम दोन वर्षं अंथरुणावर. तिची एक रीत होती. कोयते चालण्याआधी ती काठी घेऊन सगळं रान फिरायची आणि काही झाडांना, वेलांना जुन्या लुगड्याची लाल चिंधी बांधायची. चिंधी दिसली की बायका वळसा घालून पुढे जायच्या.

मला वाटलं, नवसबिवस असेल. शेट दुपारी जागा बघायला येणार होता आणि मी तर विज्ञानाचा पदवीधर.

"गोदूबाई, ही अंधश्रद्धा आधी काढा."

"साहेब, ती काढायची नाय. बायांना समजाया बांधलीय."

"मग तुम्ही उद्यापासून येऊ नका."

ती कोयता घेऊन फाटकाकडे चालू लागली. बळीरामचं मला ठाऊक होतं, तरीही मी बोललो. आजही ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

मग मी स्वतःच्या हातानं सोळा चिंध्या सोडल्या. शेवटची एका वेलावर होती. वेलाला सोनेरी, मखमली शेंगा लटकत होत्या. तक्त्यात खाजकुइलीचा फोटो होता, पण जांभळ्या फुलांचा. फुलं कधीच झडून गेली होती. थंडीत शेंग दिसली की पनवेलकराला मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगांची पोपटी आठवते. रानवाल असावा असं ठरवून मी एक शेंग प्रेमानं कुरवाळली आणि त्याच हातानं मान पुसली.

त्यानंतर मी जे ओरडलो ते फाटकापर्यंत ऐकू गेलं असावं, कारण गोदूबाई धावत आली. मी डोळे चोळायला हात उचलला, तशी तिनं माझी दोन्ही मनगटं पकडली.

"डोल्याला हात लावू नको, बाला! माजा डोला असाच गेला. शेराच्या कुंपनाचा चीक उडाला न् मी चोलला. सोला वर्साची होते, कोनी सांगितलंच नाय."

मला खाज विसरायला झालं, इतकी लाज वाटली. तिनं माझा शर्ट काठीनं उतरवला आणि मला ओल्या शेणानं लिंपून उन्हात उभं केलं. शेण वाळून पडलं, त्याबरोबर बारीक कुसंही पडली.

"गोदूबाई, माझं चुकलं. उद्या या. आजही थांबा."

"थांबते. पन चिंध्या कुठं कुठं होत्या त्या दाव."

मला एकही जागा आठवेना. तक्ता काढला, तर तोही शेणानं माखलेला. तिनं पुन्हा सगळं रान एका डोळ्यानं धुंडाळलं आणि पंधरा चिंध्या बांधल्या. मी मागून काठी धरून चालत होतो. सोळावी चिंधी तिनं माझ्या मनगटाला बांधली.

"अजून कुसं आसतील आंगावर," ती म्हणाली.

तेवढ्यात शेटची गाडी आली. उघड्या अंगानं, शेणाच्या पोपड्यांत उभ्या असलेल्या आपल्या सुपरवायझरला पाहून शेट क्षणभर थबकला. पण माणूस सभ्य, त्यानं हात पुढे केला.

तिकडून कामावरच्या बायकांतली मनिषा कोयता थांबवून ओरडली, "शेट, हात नका लावू! गोदूबाईनं चिंधी बांधलीय त्याला!"